टॅरिफचं भांडण आणि गप्प बसलेला जाणकार: कोल्हापुरातल्या एका कारखानदार ग्रुपचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

कोल्हापुरात फौंड्री म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही; बाहेरच्यांसाठी एवढंच, की धातू वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. उद्यमनगरात एका गाळ्यात पॅटर्न, म्हणजे साच्याचा नमुना, बनतो, शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळतं, कास्टिंग (ओतलेला भाग) फेटलिंगमध्ये साफ होऊन तिसऱ्याच्या मशीन शॉपला जातं आणि तिथून पुण्याला, चाकणला नाहीतर थेट बंदरावर. एकाचं काम अडलं की पुढच्या चौघांचं अडतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये या साखळीतल्या काही जणांनी एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला, तो याच कारणानं. पास कुणाला मिळाला, गावी गेलेली माणसं कधी परतणार, ट्रक कुठं अडकलाय एवढेच तेव्हाचे विषय. पुढं २०२१ च्या एप्रिलमध्ये उद्योगांचा ऑक्सिजन रुग्णालयांकडे वळवला गेला, त्या काळातही गॅस कटिंगची कामं कशी भागवायची हे लोकांनी इथंच एकमेकांना विचारलं.

साथ गेली, ग्रुप राहिला. रोज सकाळी नऊच्या आत कुणीतरी पिग आयर्न (कच्चं लोखंड), स्क्रॅप आणि कोकचा (भट्टीच्या कोळशाचा) भाव टाकायचा. एखाद्याच्या कंटेनरमध्ये जागा उरली असेल तर तो विचारायचा, ‘न्हावा शेवाला शुक्रवारी निघतोय, कुणाच्या दोन पेट्या हायत काय?’ इंडक्शन फर्नेसची, म्हणजे विजेच्या भट्टीची, कॉईल गेली, तर रात्री अकरालाही उत्तर यायचं. मी काही कारखानदार नाही. यातल्या अनेकांची जीएसटीची कामं माझ्याकडे आहेत, म्हणून मला ग्रुपात घेतलं. पुढचं सगळं मी बाजूला बसून पाहिलं, शेवटी थोडा हातभारही लावला. ओळख पटू नये म्हणून माणसांचे काही तपशील बदलले आहेत.

या प्रकरणात चार माणसं महत्त्वाची. आण्णा: वय सत्तरीच्या आसपास, घरात तिसऱ्या पिढीची फौंड्री, शब्दाला वजन. इंजिनिअर: चाळिशीतला, मशीन शॉप, माल अमेरिकेला जातो. ॲडमिन काका: ग्रुप काढणारे, स्वभावानं भिडस्त. आणि चौथे निर्यातीची कागदपत्रं करणारे एक गृहस्थ. शिपिंग बिल, मालाचा कोड (ज्यावरून शुल्क ठरतं तो वर्गीकरण क्रमांक), कस्टमचे शेरे हे त्यांचं रोजचं काम. त्यांना इथं कागदवाले म्हणू. ते फार बोलत नसत, पण बोलले की नेमकं बोलत.

मे २०२५: तेव्हाच हाताळायला हवं होतं

प्रकरण पेटलं ऑगस्टमध्ये, पण त्याचं मूळ मे महिन्यात आहे. पहलगाम हल्ल्यानंतर ७ मे रोजी ऑपरेशन सिंदूर सुरू झालं आणि १० मेच्या संध्याकाळी पाच वाजता गोळीबार थांबला. ते चार दिवस ग्रुपात कोकचा भाव कुणी टाकलाच नाही. व्हिडिओंचा पाऊस पडत होता.

त्यातल्या एका व्हिडिओत रात्रीच्या आभाळात रेघा ओढत काहीतरी जात होतं, पाठोपाठ स्फोट. ‘आत्ताचं फुटेज, सगळीकडं पाठवा’ असा मथळा आणि वर दोन बाणांची खूण. पाच किंवा जास्त हातांतून पुढं सरकलेल्या संदेशावर व्हॉट्सॲप ही खूण आपोआप टाकतं. कागदवाल्यांनी खाली लिहिलं, ‘हा गेममधला व्हिडिओ वाटतोय. स्फोट एवढा लांब दिसतोय, तरी उजेड आणि आवाज एकाच क्षणी येतात. खऱ्यात आवाज मागून येईल. कॅमेराही जरासुद्धा हलत नाही.’ निरीक्षण पक्कं होतं. त्या दिवसांत व्हिडिओ गेममधली दृश्यं खरी म्हणून फिरत होती आणि केंद्र सरकारच्या पीआयबीच्या फॅक्ट चेक विभागानं तसं जाहीरही केलं होतं.

उत्तर आलं, ‘कुणाचं खाताय आणि कुणाचं गाताय?’ दुसऱ्यानं एकच शब्द लिहिला: देशद्रोही. त्यावर सात-आठ अंगठे उठले. अंगठे देणाऱ्यांतले निम्मे तरी कागदवाल्यांकडूनच कागद करून घेणारे होते. कागदवाल्यांनी काही लिहिलं नाही. व्हिडिओही तसाच राहिला.

ॲडमिन काकांच्या मते तो विषय आपोआप मिटला होता. ‘दोन दिवसांत कोण काय बोललं त्ये लोक इसरत्यात.’ बोलणारे विसरले, हे खरं आहे.

समस्या: गणपती बसले तो दिवस

३० जुलैला अमेरिकेच्या अध्यक्षांनी भारतीय मालावर २५ टक्के आयात शुल्क, म्हणजे टॅरिफ, जाहीर केलं. ते ७ ऑगस्टपासून लागू झालं. रशियाकडून तेल घेतल्याबद्दल आणखी २५ टक्के लावण्याचा आदेश ६ ऑगस्टला निघाला, त्याची तारीख होती २७ ऑगस्ट. म्हणजे एकूण ५०. मधल्या काळात ग्रुपात रोज थोडी थोडी चकमक होत होती. १७ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचं उद्घाटन झालं, तेव्हा दोन दिवस सगळे एकदिलानं पेढे वाटत होते. मग पुन्हा तेच.

२७ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. वॉशिंग्टनमध्ये मध्यरात्र उलटली तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेनऊ, म्हणजे घरोघरी प्रतिष्ठापनेची गडबड. इंजिनिअरच्या फोनवर त्याच सुमारास गिऱ्हाइकाची मेल आली: पुढचे दोन लॉट थांबवा, वाढलेल्या शुल्कातला तुमचा वाटा किती ते कळवा. दिवसभर त्यानं काही केलं नाही. रात्री आरती, जेवणं उरकल्यावर त्यानं मेलचा फोटो ग्रुपात टाकला आणि लिहिलं, ‘रशियाचं तेल घेणाऱ्या कंपन्यांना फायदा आणि भोगायचं आम्ही. माझ्या पोरांचा पगार कोण देणार?’

आण्णांचं उत्तर दहा मिनिटांत आलं. ‘देशापेक्षा तुमची ऑर्डर मोठी झाली का? अमेरिका सांगंल तिथनं तेल घ्यायचं असतं तर स्वातंत्र्य कशाला मिळवलं?’

पुढच्या दोन तासांत पाऊणशेच्या वर संदेश आले. सगळे सांगण्यात अर्थ नाही. बहिष्कार, चीन, शेअर बाजार, १९७१ साली अमेरिकेनं बंगालच्या उपसागरात पाठवलेलं आरमार, महाराष्ट्रातला विजेचा दर, कर्नाटकात कारखाना न्यायची जुनी धमकी, सगळं एकाच पातेल्यात. साडेअकराच्या सुमारास इंजिनिअरनं जे लिहायला नको होतं ते लिहिलं: ‘आण्णा, तुमचा माल पुण्याच्या पुढं जात न्हाई. तुम्हास्नी काय कळणार त्यातलं?’

‘वय बघून बोल,’ ‘माफी माग,’ ‘तुझ्या वडलांना त्यांनीच पहिलं काम दिलतं’ असे संदेश धडाधड आले. त्याच वेळी कुणीतरी ॲडमिन काकांना खासगीत लिहिलं, ‘लवकर काहीतरी करा, केस झाली तर ॲडमिनवर होती.’ पावणेबाराला काकांनी इंजिनिअरला ग्रुपातून काढलं.

सकाळी मशीन शॉपवाले आठ-नऊ जण आपणहून बाहेर पडले. आठवडाभरात त्याचा खर्च दिसायला लागला. एकाचा कंटेनर अर्धा रिकामा गेला. ज्याच्या पेट्या त्यात बसल्या असत्या त्यानं तीन दिवसांनी वेगळं भाडं भरून माल पाठवला. दोघांना एकमेकांचं कळलंच नाही, कारण विचारायची जागा मोडली होती.

दोघांचं बरोबर काय होतं

त्या रात्रीचे संदेश मी नंतर शांतपणे वाचले. मला जे दिसलं ते असं की आण्णा आणि इंजिनिअर एकमेकांना उत्तर देतच नव्हते. आण्णा बोलत होते न्यायाबद्दल आणि त्यात त्यांचा मुद्दा भक्कम होता. रशियाचं कच्चं तेल चीन भारतापेक्षा जास्त घेत होता, तरी त्या कारणासाठीचा दंड त्याच्यावर नव्हता. युरोपही रशियाचा द्रवरूप वायू घेतच होता. इंजिनिअर बोलत होता पुढच्या महिन्याच्या पगाराबद्दल. तिथं न्याय-अन्यायाला काही किंमत नसते, मेल आलेली असते. एकाचं खरं ठरल्यानं दुसऱ्याचं खोटं ठरत नव्हतं. तरी दोघांनीही समोरच्याचं वाक्य ‘तू कुणाच्या बाजूचा?’ असंच वाचलं. एकदा तो प्रश्न आला की बाकीच्या प्रश्नांना जागा उरत नाही.

तपासता येण्यासारख्या गोष्टीही त्या रात्री भरपूर होत्या. तपासलं कुणीच नाही. मुख्य तीन सांगतो.

पहिली, ‘टॅरिफ अमेरिकेचं गिऱ्हाईक भरतंय, आपल्याला काय?’ कस्टममध्ये शुल्क तिथला आयातदारच भरतो, एवढं बरोबर. पण भरल्यावर तो गप्प बसत नाही. दर कमी करा म्हणतो, नाहीतर दुसरा पुरवठादार बघतो. ती मेल म्हणजे हेच होतं.

दुसरी, ‘आपल्या सगळ्या मालावर ५० टक्के.’ हे चूक. मोटारी आणि हलके ट्रक यांच्या सुट्या भागांवर ३ मे २०२५ पासून एका वेगळ्या कायद्याखाली २५ टक्के होतं आणि त्या भागांना रशियाच्या तेलाबद्दलचा दंड लागत नव्हता. पोलाद आणि त्यापासून बनलेल्या ठरावीक वस्तूंवर ४ जूनपासून ५० टक्के होतं, तेही भारत एकटा नव्हे, जवळपास सगळ्याच देशांसाठी. ट्रॅक्टरचे भाग मोटारींच्या यादीत नव्हते, त्यांना ५०. म्हणजे एकाच शेडमध्ये, एकाच हीटमधून (एका वेळच्या वितळणीतून) ओतलेल्या दोन कास्टिंगचा हिशेब वेगळा असू शकत होता. कोड बघितल्याशिवाय बोलण्यात अर्थ नव्हता.

तिसरी, ‘रशियाच्या तेलामुळं डिझेल स्वस्त झालं’ आणि त्यावरचं उत्तर, ‘सगळा फायदा कंपन्यांनी खाल्ला.’ युक्रेन युद्धाआधी आपल्या कच्च्या तेलात रशियाचा वाटा २ टक्क्यांच्याही आत होता, पुढं तो एक तृतीयांशाच्या वर गेला. सवलतीनं आयातीचं बिल हलकं झालं, तेल शुद्ध करणाऱ्यांचा नफाही वाढला. पंपावर मात्र मे २०२२ मध्ये केंद्रानं उत्पादन शुल्क कमी केलं तेव्हा डिझेल उतरलं, जुलै २०२२ मध्ये राज्यानं व्हॅट कमी केला तेव्हा आणखी ३ रुपये आणि नंतर मार्च २०२४ मध्ये, लोकसभेच्या तोंडावर, लिटरला २ रुपये उतरले. बाकी काळ दर जवळपास जागेवरच. आपल्या ट्रकभाड्यात रशियाचा शोध घेणाऱ्या दोन्ही बाजूंना यातून फारसं काही हाती लागलं नसतं.

हे सगळं, विशेषतः कोडचा भाग, कागदवाल्यांना त्या रात्री माहीत होतं. त्यांनी तीन वेगळ्या गिऱ्हाइकांसाठी त्याच आठवड्यात तेच तपासलं होतं. नंतर मी त्यांना विचारलं, ‘लिहिलं का नाही?’ ते म्हणाले, ‘मे महिन्यात लिहिलं होतं की.’

मला विचाराल तर या प्रकरणाचं खरं नुकसान इथं आहे. शिवीगाळ दिसते, माणसं सोडून जाताना दिसतात. ज्याला माहीत आहे तो बोलायचं थांबतो, ते कुणाच्या लक्षात येत नाही. त्याची जागा मग सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस घेतो.

विचारात घेतलेले पर्याय

ऑगस्टच्या शेवटी, गौरी-गणपतीच्या धामधुमीतच, काका, आणखी तिघे आणि मी उद्यमनगरातल्या एका चहाच्या गाड्यावर बसलो. काका वैतागले होते. ‘बंद करून टाकतो ग्रुप, डोक्याला ताप,’ इथूनच सुरुवात.

राजकारण पूर्ण बंद, हा सगळ्यांच्या तोंडी आलेला पर्याय. ऐकायला सोपा. मी एक उदाहरण दिलं. २१ मे २०२२ च्या संध्याकाळी केंद्रानं पिग आयर्नच्या निर्यातीवर १५ टक्के शुल्क लावलं आणि कोकवरचं ५ टक्के आयात शुल्क काढून टाकलं. रशिया-युक्रेन युद्धानं पिग आयर्न भडकलं होतं, कारण ते जगाला विकणाऱ्या मोठ्या देशांत हे दोन्ही. त्या निर्णयानं फौंड्रीवाल्यांचा जीव भांड्यात पडला होता. ग्रुपात तो दिवस सणासारखा गेला. नोव्हेंबरमध्ये ते निर्यात शुल्क उठलं, तेव्हा तेवढीच ओरड झाली. आता ही बातमी भावाची म्हणायची की राजकारणाची? एकानं ‘भावाची’ म्हटलं, दुसऱ्यानं ‘मग टॅरिफ पण भावाचाच’ म्हटलं आणि पर्याय तिथंच लंगडा पडला. फौंड्रीवाल्याला जगाचं भांडण टाळता येत नाही, त्याच्या कच्च्या मालात ते आधीच वितळलेलं असतं.

फक्त ॲडमिननं लिहायचं, ही सोय व्हॉट्सॲपमध्ये आहे. पण मग ‘कॉईल गेली’ कुणी कुणाला सांगायचं? ग्रुपचा जीवच जातो.

गप्पांचा वेगळा ग्रुप हा पर्याय दोघांना फार आवडला. माझा विरोध होता. ज्यांना भांडायचंय तेच तिथं जमतील आणि तिथलं भांडण उगाळत इथं येतील, असं मला वाटत होतं. बहुमत माझ्या विरोधात गेलं, म्हणून तो निघाला. त्याचं काय झालं ते पुढं येईल.

दोघांनाही काढायचं, म्हणजे समान न्याय, असं एकानं सुचवलं. आण्णांना काढायचं धाडस कुणाच्यात नव्हतं, हे उघड बोललं गेलं नाही एवढंच.

काकांची भीती वेगळीच होती, ती बाहेर यायला वेळ लागला. ७ जून २०२३ ला सोशल मीडियावरच्या स्टेटसवरून शहरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद झालं. ते त्यांच्या मनात बसलं होतं. ‘उद्या ह्यातनं काय झालं तर पोलीस माझ्या दारात.’ मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्च २०२१ मध्ये दिलेला निकाल आमच्यातल्या वकील मित्रानं त्यांना फोनवर समजावला: सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी, दोघांचा समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत असल्याखेरीज, केवळ ॲडमिन आहे म्हणून ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. काकांनी हे दोनदा वदवून घेतलं. त्यानंतरच त्यांचं डोकं शांतपणे चालायला लागलं. भ्यालेल्या माणसाच्या हातात ‘काढून टाका’ हे बटण असणं वाईट.

केलेली कृती

आधी काका इंजिनिअरच्या गाळ्यावर गेले. फोन करा, असं आम्ही सांगितलं होतं. ते स्वतः गेले, हे त्यांचं शहाणपण. तिथं तासभर बसले. बहुतेक वेळ थांबलेल्या दोन लॉटवरच बोलणं झालं, असं त्यांनी सांगितलं. परत येऊन त्यांनी ग्रुपात लिहिलं, ‘न विचारता काढलं हे माझं चुकलं. त्यांना परत घेतोय.’ वाक्यं एवढीच. आण्णांबद्दल त्यात काही नव्हतं, आणि ते योग्यच होतं.

नियम तीनच ठेवले. सरकार, युद्ध, शुल्क, निवडणूक यांबद्दल लिहायला हरकत नाही, पण त्याच संदेशात आपल्या भावावर, ऑर्डरवर किंवा ट्रकवर काय होणार ते लिहायचं. दोन बाणांचा संदेश मूळ बातमी किंवा आदेश जोडल्याशिवाय टाकायचा नाही. टाकला तर ॲडमिन काही न बोलता काढेल. रात्री नऊ ते सकाळी सात ग्रुप बंद, फर्नेस बंद पडली तर थेट फोन.

तिसऱ्या नियमाची गंमत झाली. सेटिंग रोज हातानं बदलावं लागतं. काकांनी ते सुनेवर सोपवलं. ती दोनदा विसरली, एकदा सकाळी उघडायचं राहिलं आणि साडेनऊपर्यंत भाव कुणालाच टाकता आला नाही. तिसऱ्या आठवड्यात तिनं सासऱ्यांना सांगितलं, ‘बाबा, तुमच्या लोकांस्नी झोपवायचं काम मी न्हाई करणार.’ नियम कागदावर राहिला, कुलूप गेलं. आश्चर्य म्हणजे लोक बऱ्यापैकी पाळत होते.

सगळ्यात उपयोगी ठरली ती बैठक. ६ सप्टेंबरच्या अनंत चतुर्दशीनंतर, मिरवणुकांचा शीण उतरल्यावर, एका शनिवारी दुपारी एका गाळ्यात जमायचं ठरलं. विषय एकच: आपापल्या मालाचा कोड घेऊन या. कागदवाल्यांना बोलवायला काका आणि मी दोघं गेलो. ते आधी नको म्हणाले. काका म्हणाले, ‘मे महिन्यात तुम्हाला जे बोलले ते मी काढायला पाहिजे होतं, काढलं नाही.’ त्यावर कागदवाल्यांनी चहा मागवला.

बैठकीला पंचवीसेक माणसं आली. गाळ्याच्या लोखंडी टेबलावर कागदवाल्यांनी तीन रकाने आखले: माल, कोड, शुल्क. एकेकानं सांगायचं, ते लिहायचे. इंजिनिअरचा मुख्य भाग मोटारीच्या यादीत निघाला, म्हणजे २५ टक्के. ५० धरून तो तीन आठवडे झोपला नव्हता. गिऱ्हाइकाच्या खरेदी विभागानंही ५० च धरलं होतं, म्हणून मेल तशी होती.

आण्णा मागच्या खुर्चीवर बसले होते. त्यांचा कोड विचारायचं कुणाला सुचलं नाही, त्यांचा माल पुण्यालाच जातो हे सगळ्यांना पाठ होतं. शेवटी त्यांनीच आपल्या हाऊसिंगबद्दल, म्हणजे यंत्राच्या कवचाच्या कास्टिंगबद्दल, विचारलं, ‘माझं हाऊसिंग पुण्यात मशीनिंग होतंय, त्याच्या पुढं कुठं जातंय?’ कागदवाल्यांनी पुण्याच्या त्या कंपनीचं नाव ऐकलं आणि म्हणाले, ‘आण्णा, ते ट्रॅक्टरला लागतं आणि अमेरिकेला जातं. त्याला ५०.’ आण्णांनी खिशातून डायरी काढून ते लिहून घेतलं. इंजिनिअर समोरच होता. तो काही बोलला नाही, आण्णाही नाहीत. गाळ्यात थोडी कुजबुज झाली आणि पुढच्या माणसाचा कोड सुरू झाला.

निष्पत्ती

इंजिनिअरचा एक लॉट सुटला. दुसऱ्यासाठी त्याला दरात सवलत द्यावीच लागली, टॅरिफचा काही वाटा त्याच्या अंगावर आलाच. आण्णांची पुण्याची ऑर्डर दिवाळीनंतर कमी झाली. पण सप्टेंबरपासून अंदाज असल्यानं त्यांनी एक मोल्डिंग लाईन आधीच पंपाच्या कामाला लावली होती. रशियाच्या तेलाबद्दलचं त्यांचं मत तसूभर बदललेलं नाही, आणि बदलावं असं कुणाचं म्हणणंही नव्हतं.

बाहेर गेलेल्यांपैकी निम्मे परतले. कंटेनरची जागा पुन्हा विचारली जाते. कागदवाले आता आठवड्यातून एकदा तरी लिहितात, मात्र फक्त कामाचं. लढाईच्या बातम्यांवर ते आजही एक अक्षर लिहीत नाहीत.

गप्पांचा वेगळा ग्रुप महिनाभर धगधगला, मग दोन गटांत फुटला. आता त्यात सकाळची फुलं आणि सुविचार येतात.

नियमांची खरी परीक्षा घेतली जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीनं. ट्रम्प आणि पुतीन यांच्यावर बोलताना ‘भावावर काय परिणाम’ हे विचारता येतं. प्रभागातल्या उमेदवारात कुणाचा मेहुणा असतो, कुणाचा तालमीतला मित्र. पोस्टर टाकणाऱ्याला अडवायचं कसं? एकानं तर नियम पाळून लिहिलं, ‘आमचा भाऊ निवडून आला तर गाळ्यापुढचा रस्ता होईल, ट्रकचा परिणाम म्हणून कळवतो.’ सगळे हसले, पोस्टर राहिलं आणि दुसऱ्या दिवशी समोरच्याचंही आलं. मतदान होईपर्यंत पहिला नियम गुंडाळूनच ठेवावा लागला.

वेगळं काय करता आलं असतं

मे महिन्यात ‘देशद्रोही’ हा शब्द दहा मिनिटांत काढला असता तर ऑगस्टची रात्र वेगळी गेली असती, असं मला वाटतं. भांडण कदाचित झालंच असतं. पण मध्येच कुणीतरी ‘मोटारीच्या भागाला २५ आहे, कोड पाठवा’ असं लिहिलं असतं, आणि इंजिनिअरचा निम्मा राग तिथंच उतरला असता. ॲडमिनला काही काढायचंच असेल तर माणसावर मारलेला शिक्का आधी काढावा. चुकीची माहिती दुरुस्त करायला माणसं असतात, ती बोलत राहिली तर.

रात्री पावणेबाराला कुणालाही काढायला नको होतं. ग्रुप तासभर बंद करायची सोय तेव्हाही होती. सकाळपर्यंत थांबलं असतं तर इंजिनिअरनं स्वतःच ते वाक्य मागं घेतलं असतं, असं तो आज म्हणतो. खरं-खोटं कोण जाणे.

काही सदस्यांचं मत याहून वेगळं आहे, तेही नोंदवतो. त्यांच्या मते बैठकीमुळं प्रश्न सुटला, नियमांमुळं नाही. नियम नसते तरी चाललं असतं. मला ते पूर्ण पटत नाही, पण पहिल्या नियमाची अवस्था बघता त्यांना खोडून काढणंही अवघड आहे. माझा स्वतःचा आग्रह बैठक ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच, आदेश निघाला तेव्हा, घेण्याचा राहिला असता. २७ तारीख तीन आठवडे आधी माहीत होती. तेवढ्या वेळात पंचवीस जणांचे कोड सहज तपासून झाले असते.

काकांनी आता आणखी दोघांना ॲडमिन केलंय. त्यातले एक कागदवाले. दुसरी जागा इंजिनिअरला द्यावी असं काकांच्या मनात होतं, त्यानं नको म्हटलं आणि आण्णांच्या नातवाचं नाव सुचवलं. तो नुकताच फौंड्रीत बसायला लागलाय. विजेच्या दरवाढीवर पहिला नियम लावायचा की नाही, यावरून तिन्ही ॲडमिनमध्येच सध्या एकमत नाही.